मुक्तछंदातलं लग्न

भातकुलीच्या शालिकरामनं पस्तीस वर्षं लोकांच्या लग्नांची मंगलाष्टकं लिहिली. कोणी लिहून घ्यायला आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "घरात रुसून कोन हाय?" जो रुसलेला, त्याचं नाव पहिल्या कडव्यात. मग काय बिशाद कोणाची मांडवातून उठून जायची!

पण त्याची एक हौस राहून गेली होती. एकदा तरी अमरावतीच्या कविसंमेलनात मंचावर बसून, कवी म्हणून वाचायचं. यंदा बायकोनं, मैनाबाईनं, शर्टाला इस्त्री करून त्याला थेट केशवराव सरांच्या दारात धाडलं. संमेलनाची यादी सरांच्या हातात असे. सर मुक्तछंदात लिहीत, आणि कोणाला ते समजलं तर बेचैन होत.

सरांनी यादीत त्याचं नाव लिहून घेतलं आणि त्याची मंगलाष्टकांची वही चाळली. "शालिकरामजी, ही तर सगळी नावंच आहेत. मामा, आत्या, चुलते. नावं खोडली तर उरतं काय? साहित्य मागणीवर होत नसतं, आतून यावं लागतं." एवढं बोलून त्यांनी यादीतलं त्याचं नाव त्याच्यासमोरच खोडलं, आणि चहा विचारला. शालिकराम चहा न घेता उठला. एसटीत भातकुली येईपर्यंत त्याचे डोळे भरून येत राहिले.

महिन्याभरात सरांच्या मुलीचं, आकांक्षाचं लग्न निघालं, अकोल्याला. सरांनी यादीतल्या सगळ्या कवींना पत्रिका धाडल्या, खोडलेल्यांनाही. कारण मंगलाष्टकं खुद्द सरांची होती आणि श्रोते हवे होते.

"मी नाई येत," शालिकराम म्हणाला.

"नाव त्याहीनं खोडलं, पोरीनं नाई," मैनाबाई म्हणाली. गेले दोघं.

अंतरपाट धरला. तीनशे माणसं मुठीत अक्षता घेऊन उभी राहिली. सर माईकवर आले. कवितेत काळ झाला, पोकळी झाली, उंबरठा झाला, पण 'सावधान' काही येईना. अक्षता टाकायच्या कधी? मुठी घामेजल्या. सरांनी जरा दम घेतला तर एका म्हातारीला वाटलं, संपलं. तिनं टाकल्या. मग सगळ्यांनीच टाकल्या. बँड वाजला. भटजी ओरडले, "थांबा, मुहूर्ताले टाइम हाय अजून!" आणि आपलं नाव कुठंच आलं नाही म्हणून नवरदेवाचे मामा सूर्यभान बूट घालून फाटकाकडे निघाले.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते खांबाआड जाऊन उभे राहिले. त्या दिवशी घरात सगळं ऐकलेली आकांक्षाच अंतरपाटामागून शालिकरामला म्हणाली, "काका, तुमी म्हणा ना."

शालिकराम माईकवर गेला, शेजारच्या बाईला मामांचं नाव विचारलं, आणि पहिल्याच कडव्यात सूर्यभान मामा मांडवभर दुमदुमले. मामा फाटकातून परतले. 'सावधान' म्हटलं की अक्षता, अगदी वेळेवर. मग सवयीनं त्यानं नजर फिरवली. आता रुसून कोण राहिलं? खांबाआड एकच माणूस होता. राहू द्यावा तसाच, असं शालिकरामला मनापासून वाटलं. पण पस्तीस वर्षांत त्यानं कोणाला मांडवात रुसलेलं ठेवलं नव्हतं.

"ज्याने काव्य जगास रोज दिधले, तो आज मौनी उभा,
आहे केशवराव बाप हळवा, कुर्यात् सदा मंगलम्!"

सर चारचौघांत रडले. आकांक्षाही रडली. बँडवाल्यानं यावेळी बरोबर वाजवलं.

पंगतीत सर शालिकरामच्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "ते शेवटचं कडवं, शालिकरामजी. त्यातून माझं नाव खोडलं, तर काय उरेल हो?"

"पन खोडता काहून सर?" शालिकराम वरणभात कालवत म्हणाला. "नाव खोडलं तं लगन कोनाच्या पोरीचं लागलं, हे कसं समजन?"

पोरीच्या लग्नातही संमेलनाची यादी सरांच्या खिशातच होती. ती काढून त्यांनी खोडलेल्या नावाच्या बाजूला तेच नाव पुन्हा लिहिलं. "सुरुवातीला वाचाल की शेवटी?"

शालिकरामचा घास हातातच राहिला. तो तसाच धरून त्यानं विचारलं.

"पयले हे सांगा सर, कवींमंदी रुसून कोन कोन हाय?"