एकशे बारा पानांनंतर

मी गोष्टींचे पुस्तक. एकशे बाराव्या पानापर्यंत माझ्यावर खुशाल विश्वास ठेवावा. पुढचे माझ्या हाती नाही.

चर्चच्या छापखान्यात माझा जन्म झाला. तेथे लांब टेबलावर फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, रचलेले असत. बालकथांच्या शेजारीच प्रार्थनांचे. बाइंडरकाका टेबलाभोवती फिरत, स्तोत्र गुणगुणत, एकेक घडी उचलत.

"अहो, चष्मा कुठाय?" बायकोने दारातून विचारले.

"हातांना लागतो होय चष्मा?" काका म्हणाले, आणि माझ्या शेवटच्या फर्म्याच्या जागी दफनविधीच्या प्रार्थना शिवल्या गेल्या.

त्यामुळे माझ्यातला एककानी ससा गोठलेल्या नदीवर पाऊल टाकतो, पैलतीरी आईचा दिवा दिसतो, 'बर्फ कुरकुरला आणि' एवढ्यावर पान संपते. कथांच्या अभ्यासकाला हे खटकेल. लोककथेतला दुबळा नायक अडखळतो, पण नदी ओलांडतोच. ऐकणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला तशी हमी दिलेली असते. माझ्या सशाला ती मिळाली नाही.

तत्त्वज्ञानाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला नातीसाठी घेतले. काल दुपारी इस्पितळात, तिच्या खाटेशी बसून, ते मला वाचत होते. आज तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती.

"पुढे?" नातीने विचारले.

"पुढची पानं चुकीची आहेत, बाळ."

"पोहोचला म्हणून सांगा की, बाबा," तिची आई कुजबुजली.

"मला ठाऊक नाही, ते कसं सांगू?"

"वर्गात नाही आहात तुम्ही आत्ता!"

"भांडू नका गं," नात म्हणाली. "छापलंय ते वाचा, आजोबा."

देवाशी ज्यांनी आयुष्यभर केवळ वाद घातला, त्यांनी घसा खाकरून वाचले, "प्रभो, हे तुझे लेकरू..." आणि ते थांबले. पुढे कंसात छापले होते : येथे नाव घ्यावे.

"काय झालं?"

"इथे नाव घ्यायचंय."

"सशाला नाव कुठंय? माझं घ्या. मी जाते त्याच्याबरोबर."

आईने तोंड खिडकीकडे फिरवले. त्या क्षणी पान फाडून घेण्याइतके बळ मला हवे होते. पुस्तकाला मात्र उघडणेही स्वतःहून जमत नाही, मिटणेही नाही.

आजोबांनी सावकाश, स्पष्ट, स्वतःचे नाव घेतले.

"तुमचं काय म्हणून? तुम्ही काय लेकरू आहात?" नात खुदकन हसली.

"आहे," आजोबा म्हणाले, आणि पुन्हा तेच नाव घेऊन त्यांनी प्रार्थना शेवटपर्यंत वाचली.

सकाळी तिला आत नेले. बंद दारासमोरच्या बाकावर आजोबा बसले आहेत, मी त्यांच्या मांडीवर उघडे. त्यांचा अंगठा त्या कंसावर घट्ट दाबलेला आहे. माझी शाई त्याने पुसली जाणार नाही, हे त्यांना कळते, मलाही कळते. आत काय चालले आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

मला वाचणाऱ्यांनो, एवढेच मागणे आहे. दार उघडेपर्यंत त्या जागी कोणाचेच नाव घेऊ नका.