गळ्यातला दात

माणसांना कसले कसले नाद असतात, मला दगडांचा होता. पेडगावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो आणि सुट्टी लागली की वर्धा-चांद्याकडचे नाले पालथे घालायचो. सहा वर्षांत मांसाहारी डायनोसॉरचे दोन दात मिळाले, तेही मोडके. एवढ्या भांडवलावर मी परभणीच्या मास्तरांत भाव खायचो.

१९७४च्या उन्हाळ्यात शाळेच्या भिंतींना गिलावा करायला बाया आल्या होत्या. त्यांतल्या सरजाबाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेला दात दिसला. बोटभर लांब, वाकडा, कडेला करवतीसारखे बारीक दाते, टोकसुद्धा शाबूत. मला राहवेना. मागितला तर ती नाही म्हणेल, म्हणून मी चार बायांसमोर म्हणालो, "सरजाबाई, तुम्ही बुद्धाची दीक्षा घेतलेली माणसं. आणि गळ्यात ताईत?"

बाया हसल्या. तिचा चेहरा पडला. तिनं दोरा तोडला आणि दात माझ्या हातावर ठेवला. आईनं बांधलेला ताईत त्या वेळी माझ्या सदऱ्याच्या बाहीखाली दंडावरच होता. त्याची मला तेव्हा लाजही वाटली नाही.

औरंगाबादच्या एका प्राध्यापकांना मी दाताचं चित्र काढून पाठवलं. उत्तर आलं: दात उत्तम आहे, पण नेमका कुठं सापडला ते कळवा, त्याशिवाय त्याचा अभ्यासाला उपयोग नाही. आली पंचाईत. झक मारत सरजाबाईच्या घरी जावं लागलं.

तिनं सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि विचारल्याबरोबर सगळं सांगितलं.

"आमचे हे दुष्काळात वरोऱ्याकडं सडकंच्या कामावर गेले व्हते. नाल्याच्या उगवतीच्या दरडीत, तांबड्या मातीत घावला म्हणले. मुकादम म्हणला, दगड हाय, फेकून दे. हे म्हणले, न्हाई, दातच हाय. मागल्या साली तकडंच तापानं गेले. ताईत न्हवता त्यो, गुरुजी. त्यांच्या हातचं तेवढंच राहिलं व्हतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी दीक्षेचं नाव काढलं. चार बायांत काय बोलू?"

दात परत देतो, असं मी म्हणालो खरा. पण ती नको म्हणेल अशी आशा होती.

"ऱ्हाऊ द्या शाळंत. लेकरं बघतील. फकत त्यांचं नाव लिवा."

नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? तिनं माझ्याच वहीत ते पेन्सिलीनं लिहून दिलं. वस्तीतल्या प्रौढ वर्गात ती लिहा-वाचायला शिकली होती. मी वचन दिलं.

दिवाळीनंतर परभणीला विज्ञान प्रदर्शन भरलं. दाताखालचं कार्ड लिहायला बसलो. सडकेवरच्या मजुराला एका नजरेत ओळखू आलेला दात मला सहा वर्षांत एकदाही अख्खा मिळू नये, हे मला सोसेना. मी लिहिलं: संग्राहक, दि. वि. टाकळीकर. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली, ती मी थोपटून घेतली.

तिसऱ्या दिवशी सरजाबाई आली. पांढरं स्वच्छ लुगडं नेसून, एसटीनं, मजुरी बुडवून. कार्डावर बोट ठेवून तिनं एकेक अक्षर वाचलं. शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. तिथून पळून जावंसं वाटलं मला.

"सरजाबाई, कार्डावर जागा पुरली नाही," मी म्हणालो. इतकं हलकं वाक्य मी जन्मात बोललो नव्हतो.

तिनं पुन्हा कार्डाकडं पाहिलं. माझ्या नावाखाली चांगली तीन बोटं जागा कोरी होती.

"चारच अक्षरं हायेत, गुरुजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नागनाथ."