दिबाकरचा फोन

करुणा दिबाकरला तसं काही टाकून बोलली नव्हती. "भाऊ, पोरीची दहावी हाय. जरा तिकडं रस्त्याला जाऊन बोलत जा ना," एवढंच म्हणाली होती.

कारेगावात घरामागं तिच्या नवऱ्यानं, संघर्षनं, चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. शेवटच्या खोलीत ओडिशाची तिघं राहायची, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. त्यातला दिबाकर तेवीस-चोवीसचा. शिफ्टवरून आला की जिन्याच्या पायरीवर बसायचा आणि अर्धा अर्धा तास फोनवर बोलायचा. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मधूनमधून 'बोउ, बोउ' चालायचं. करुणाला वाटायचं, भावाशी बोलत असेल. आत सृष्टी गणितं सोडवता सोडवता कानावर हात ठेवायची. शेवटी करुणानं त्याला सांगितलं. तो ओशाळला, "हां भाभी, सॉरी भाभी" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून चालत हायवेच्या कडेला जाऊन बोलू लागला.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी, तिथंच त्याला एका पिकअपनं उडवलं. गाडी थांबलीच नाही.

शिरूरच्या दवाखान्यात त्याला दाखल केलं तेव्हा सोबत करुणा आणि संघर्ष दोघंच होते. खोलीतले दुसरे दोघं लग्नाला गावी गेलेले, गाडीत असतील, त्यांचे फोन लागेनात. ठेकेदाराकडं आधारकार्डाचा फोटो होता, घरचा नंबर नव्हता. दिबाकर बेशुद्ध. डॉक्टर म्हणाले, "डोक्याला मार आहे. घरच्यांना बोलवा. लवकर बोलवा."

घरचे होते ते त्याच्या फोनमध्ये. बुधवारी सकाळी सीमा नावाच्या सिस्टरनं दिबाकरचा अंगठा हळूच उचलून फोनवर टेकवला. फोन उघडला, पण सगळा उडियात. गोल गोल अक्षरं, एकाचाही अर्थ लागेना. करुणानं हिरवं चिन्ह दाबलं, सगळ्यात वरच्या नावाला फोन लावला. लागला नाही. पडद्यावर एक चौकट आली, खाली दोन शब्द. हा दाबला तरी चौकट जाई, तो दाबला तरी जाई. फोन काही लागेना.

"ताई, थांबा," सीमा म्हणाली. "माझा फोन याच कंपनीचा हाय, आन् मराठीत हाय."

दोघी बाकड्यावर शेजारी बसल्या. मांडीवर दोन फोन. सीमा आपल्या फोनवर दाबायची आणि बोलायची, "हे चाकाचं चित्र. आता पार खाली चला. शेवटून दुसरी ओळ. दाबलं? आता वरून पहिली." करुणा ओळी मोजत मोजत तिच्या मागून जात होती. एकदा चुकलं, भलतंच काही उघडलं, परत पहिल्यापासून. मध्ये पडदा काळा झाला तेव्हा पुन्हा आत जाऊन त्याचा अंगठा लावावा लागला. हात तापला होता. करुणानं तो क्षणभर तसाच धरून ठेवला.

शेवटी भाषांची लांब यादी आली आणि तिच्यात 'मराठी' हा शब्द दिसला. तो दाबला तसा सगळा फोन मराठी झाला. संपर्क. संदेश. गजराची वेळ पहाटे सव्वापाच. परत परत अंगठा लावायला नको म्हणून सीमानं पडदा काळाच होणार नाही असं सेटिंगही करून दिलं. मग करुणानं पुन्हा फोन लावला. तीच चौकट आली, पण आता वाचता येत होती. कॉल करण्यासाठी विमान मोड बंद करा.

"शिफ्टला जाताना लावत असंल," सीमा म्हणाली. "आन् मग काढायचा राह्यला."

म्हणजे तो रस्त्याच्या कडेला पोहोचला होता, पण फोन लावायच्या आतच गाडी आली होती. करुणानं मोड बंद केला. फोन हातात थरथरायला लागला. रात्रभर न लागलेल्या कॉलचे संदेश, एकोणतीस, सगळे एकाच नावाचे. नाव मात्र अजून गोल अक्षरांतच होतं. सेटिंग बदललं तरी माणसांची नावं बदलत नाहीत, हे करुणाला तेव्हा कळलं.

ती लावणार, तेवढ्यात त्याच नावाचा फोन वाजला. पलीकडून बाईचा आवाज, रडवेला आणि हसरा, दोन्ही एकदम. "दिबा! दिबा रे! खाइलुणि?"

"मैं करुणा... रूम मालकीण," ती म्हणाली. "दिबाकर..."

बाईला हिंदी येत नव्हती. ती परत परत तेच, जेवलास का असं काहीतरी, विचारत राहिली. मग करुणाच्या तोंडून 'हॉस्पिटल' हा शब्द गेला तसा पलीकडं फोन दुसऱ्या कुणी घेतला. एक पुरुष बोलला. दिबाकरचा काका. त्याला हिंदी येत होती, करुणानं त्याला रस्त्यावरच्या अपघाताचं सांगितलं. "बोउ मतलब मां," तो म्हणाला. "उसकी मां है. हम आज ही निकलते हैं."

गुरुवारी सकाळी दहा वाजता दिबाकर गेला.

गाडी तेव्हा आंध्रात कुठंतरी होती. संघर्ष म्हणाला, "आत्ता सांगू नको. गाडीत ती बाई काय करंल? दौंडला उतरू दे." करुणाला पटलं. पण फोन तिच्याजवळ होता. दर मोठ्या स्टेशनला काका फोन करायचा. "कैसा है?" करुणा म्हणायची, "सोया है." मग आई फोन घ्यायची आणि काहीतरी सांगायची, बहुतेक त्याच्या कानाशी धर म्हणत असावी. दुपारी तर ती फोनवर दिबाकरशीच बोलली, सावकाश, लाडानं, बराच वेळ. करुणा मोरीत जाऊन दार लावून उभी राहिली आणि ऐकत राहिली. ठेवून द्यायची तिची छाती झाली नाही. त्या दिवसात अकरा फोन आले. अकरा वेळा तिनं त्याला झोपवला.

शुक्रवारी पहाटेच दोघं दौंडला गेले. गाडी तासभर उशिरा होती. फलाटावरच्या बाकावर बसून करुणानं दिबाकरचा फोन काढला. आईच्या हाती तो त्याचा होता तसाच द्यावा, असं तिला वाटलं. या वेळी तिला कोणाची मदत लागली नाही. भाषेच्या ओळीत गोल अक्षरांचं नाव अजून होतं. तिनं ते बोटानं धरून वर नेलं. फोन परत उडिया झाला. आता त्यातलं तिला काहीच वाचता येत नव्हतं.

आई उतरली, मागोमाग काका. ठेंगणी, जांभळ्या साडीतली, हातात कापडी पिशवी. तिनं आधी संघर्षकडं पाहिलं, मग करुणाकडं. पिशवी तिच्या हातातून सुटली आणि ती तिथंच फलाटावर बसली. तिनं हंबरडा फोडला तेव्हा करुणाही तिच्याशेजारी खाली बसली आणि तिला धरून रडली.

शिरूरला जाताना गाडीत आईनं फोन छातीशी धरला होता. न्हावऱ्याच्या पुढं तिनं काकाला काही विचारलं. काका करुणाकडं वळला.

"पूछती है, लड़का रोड पे क्या करता था? घर में बैठ के बात करता था ना. हम को तो बोला था, सीढ़ी पे बैठता हूं."

संघर्षनं गाडी चालवता चालवता आरशातून पाहिलं, मान हलवली. नको. करुणानं ते पाहिलं. तरीही ती बोलली. मोडक्यातोडक्या हिंदीत, मध्येच मराठीत घसरत, तिनं सगळं सांगितलं. पोरीची दहावी. त्याचा मोठा आवाज. मीच म्हणाले, रस्त्यावर जा. तो नाही म्हणाला नाही, सॉरी म्हणाला. "मेरे वजह से गया," ती म्हणाली. "उनको बोलो. जैसा बोला वैसा बोलो."

काका आईकडं झुकून काहीतरी बोलला. तीन-चार शब्द, फार तर पाच.

आईनं मान हलवली. करुणाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि शिरूर येईपर्यंत सोडला नाही.

काकानं काय सांगितलं, ते करुणानं त्याला विचारलं नाही. दुपारी अंत्यसंस्कार झाले, रात्रीच्या गाडीनं ती दोघं अस्थी घेऊन गेली. सृष्टीची परीक्षा झाली, निकालही लागला, तरी करुणाच्या मनातून तो हात काही सुटला नाही. सगळं कळूनही धरला होता, की काहीच न कळता?