देणाऱ्याला हलका देव

चौऱ्याण्णव सालच्या वैशाखात पेणहून धरमतरकडे जाणारी एसटी भालखारच्या फाट्यावर अख्खी रिकामी व्हायची. कंडक्टरसुद्धा चपला हातात घेऊन पळत जायचा आणि दर्शन उरकून यायचा. पेणचे व्यापारी, रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेले कामगार, मिठागरावरच्या बाया, सगळे एका रांगेत. कारण भालखारला देव आला होता, आणि तोही साध्यासुध्या ठिकाणाहून नव्हे, समुद्रात बुडालेल्या द्वारकेतून. काळाकुळकुळीत पाषाण, चार हात, हातभर उंची. भरतीच्या पाण्यावर उभ्याचा उभा तरंगत तो गावच्या बांधाला येऊन टेकला. साठ माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. दगड पाण्यावर तरंगला म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार?

देवामागोमाग चिखल तुडवत सागरनाथ महाराज आले. त्यांना म्हणे सात रात्री एकच स्वप्न पडत होतं. देवाने त्यांना भालखारचं नाव सांगितलं, तालुका सांगितला, फाट्यावर कुठे उतरायचं तेही सांगितलं. द्वारकेच्या देवाला आमच्या एसटीचे थांबे तोंडपाठ होते, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

महाराजांनी बांधाजवळच्या आंब्याखाली लांबट चौरंग मांडला. पुढच्या टोकाला देव, मागच्या टोकाला मांडी घालून महाराज, आणि त्यांची भगवी कफनी दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेली. बोलणं तुपासारखं.

"देव तुमच्यात राहायला आलाय," ते म्हणायचे. "त्याला घर बांधा. पण मन मोकळं करून द्या. देणाऱ्याच्या हाताला हा फुलासारखा लागतो आणि राखणाऱ्याच्या हाताला डोंगरासारखा. खोटं वाटत असेल तर उचलून बघा."

आणि लोक उचलून बघायचे. तांदळाचं पोतं वाहिलेला म्हातारा एका हाताने देव वर घ्यायचा आणि ढसाढसा रडायचा. नुसता नारळ घेऊन आलेला धडधाकट गडी दोन्ही हातांनी जोर लावून घामाघूम व्हायचा, देव तसूभर हलायचा नाही. लोक हसायचे. तो गडी घरी जाऊन तांब्याचा हंडा घेऊन यायचा, मग देव हलका. दारच्या सागाच्या फळ्या, घंघाळं, पायातले चांदीचे वाळे, काय काय आलं! आपण कंजूष नाही हे चारचौघांत सिद्ध करायची संधी कोण सोडतो?

आता माझं सांगतो. मी कमळाकर. हमरापूरच्या एका कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो. पहिल्याच दिवशी मी रांगेतून देवासमोर आलो, वर पाहिलं आणि रांग अडवून तिथेच उभा राहिलो. लोकांना वाटलं, भक्तीने. मूर्तीच्या डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात रेघ किंचित वर उडाली होती. लहानपणी माझं बोट दारात चेंगरलं, तेव्हापासून कुंचला तिथे उचलला जातोच. अख्ख्या पेण तालुक्यात तशी रेघ फक्त माझी.

पौष महिन्यात पँट-शर्टातला एक माणूस कारखान्यात आला होता. नाटक कंपनीसाठी मूर्ती हवी म्हणाला. साच्यात कागदाचे थर चिकटवून केलेली, आतून पोकळ, वरून काळ्या पाषाणासारखी. होडीला लावतात ते व्हार्निश तीनदा मारून घेतलं. तळाशी शिशाचा तुकडा बसवायला सांगितला आणि मधोमध एक लोखंडी कडी. कडी कशाला म्हणून मी विचारलं, तर टेम्पोत बांधून न्यायला बरं पडतं म्हणाला. मीच ती कडी बसवली. चार महिन्यांनी तोच माणूस दाढी वाढवून आंब्याखाली बसला होता, आणि माझ्याकडे पाहून त्याने आशीर्वादाचा हात वर केला. माझ्या नजरेत त्याने काय वाचलं कुणास ठाऊक, पण घाबरला नाही एवढं खरं.

मी गप्प का बसलो? लोक मारतील ही भीती होतीच, ते खोटं कशाला सांगू. पण खरं कारण सांगायला आजही जीभ जड होते. महाराज म्हणायचे, "हे डोळे बघा. माणसाच्या हाताला असे डोळे साधतील?" आणि शंभर माणसं म्हणायची, "नाय, नाय साधनार." अकरा वर्षं मी डोळे आखत होतो. मूर्ती मुंबईला जायच्या, नाव कारखान्याच्या मालकाचं व्हायचं. माझ्या कामाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी हात जोडत होतं. मी आठवड्यातून दोनदा सायकल मारत भालखारला जायचो आणि रांगेत उभा राहून स्वतःचं कौतुक ऐकायचो. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

भालखार माझ्या थोरल्या बहिणीचं, पुतळीतायचं सासर. ती विधवा. उन्हाळ्यात मिठागरावर डोक्याने मीठ वाहायची आणि पावसात स्वतःचं शेत लावायची. ते शेत बांधाच्या अगदी पोटाशी. बांधापलीकडे खाडी, अलीकडे भात. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडून खारं पाणी आत शिरलं, की जमीन तीन वर्षं उठत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात घरटी दगड गोळा करून गाव बांध मजबूत करायचं. त्या वर्षी तायच्या शेतासमोरच बांध खचला होता आणि दगडांची मोठी रास तिथे रचून तयार होती.

ती रास सरपंच काळुरामने देवळाच्या जोत्याला देऊन टाकली. दिल्याबरोबर त्याने एका हाताने देव उचलला आणि गावाने जयजयकार केला. देव स्वतः बांधाला येऊन टेकलाय, आता बांधाला काय होतंय, असं काळुराम म्हणाला. बांधावर जायची माणसंही जोत्यावर कामाला लागली.

तायने भर गर्दीत तोंड उघडलं. दगड बांधाचा आहे, ज्येष्ठातल्या पुनवेच्या उधाणाला बांध टिकायचा नाही, देवळाला पुढल्या वर्षी दगड काढू, एवढंच ती म्हणाली. महाराज गोड हसले. म्हणाले, या माउलीने देव उचलून दाखवावा, मी दगड परत देतो.

चाळीस किलोची मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालणारी माझी बहीण. तिने पदर खोचला आणि देवाला दोन्ही हातांनी धरलं. मानेच्या शिरा ताठल्या. देव हलला नाही. तिने पुन्हा जोर लावला. मागून कुणीतरी म्हणालं, "गो पुतळे, मन मोठं कर, मंग उचलंल." सगळे हसले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तीन पावलांवर उभा होतो. त्या मूर्तीचं वजन अडीच किलो, हे मला ठाऊक होतं. मी खाली मान घातली.

त्या दिवसापासून ताय बांधाचं नाव काढेना. आपल्यातच काही खोट आहे असं तिने मनाला लावून घेतलं. नथ होती एक, ती तिने देवाला वाहिली आणि मग देव तिलाही हलका झाला. हे तिने मला आनंदाने सांगितलं. तरीही मी तिला खरं सांगितलं नाही.

पुनवेच्या आठ दिवस आधी एलियास मास्तर कारखान्यात आले. भालखारमधली बाकीची यहुदी मंडळी कधीच इस्रायलला गेलेली, मास्तर आणि त्यांची एस्थरबाई तेवढी राहिलेली. मला शाळेत विज्ञान त्यांनीच शिकवलं. स्टुलावर बसून त्यांनी चष्मा पुसला आणि सरळ मुद्द्यावर आले. ते पाच दिवस आंब्याखाली बसून देवाकडे न बघता महाराजांकडे बघत होते. देव जड होतो तेव्हा महाराजांचा डावा गुडघा फळीवर दाबलेला असतो. हलका होतो तेव्हा गुडघा उचललेला. पाचही दिवस, एकदाही चूक नाही.

"मूर्तीच्या तळाशी काय असेल ते तुम्हा मूर्तीवाल्यांना कळेल," ते म्हणाले. "मी बोललो तर लोक म्हणतील, यांच्यात मूर्तीच नाही, यांना काय कळतंय. आणि ते रास्तच आहे. बोलायचं ते तुला, कमळाकर."

मी म्हटलं, बघतो. मास्तर दारापर्यंत जाऊन थांबले.

"देव आहे की नाही यावर तू माझ्याशी जन्मभर भांड, मला चालेल. पण तो खरंच माणसांत राहायला आला असता, तर त्याने आधी बांधाचे दगड मागितले असते का?"

तेवढं ऐकूनही मी आठ दिवस घालवले. आज जातो, उद्या जातो. पुनवेच्या सकाळी मात्र सायकल काढली. भरती दुपारी एकला होती. मी पोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि आरती चालू होती. आरती संपताच मी पुढे होऊन म्हणालो, तायला पुन्हा देव उचलू द्या, पण आधी महाराजांनी उठून बाजूला उभं राहावं.

महाराज म्हणाले, सिद्धासन मोडलं तर गावावर कोप होईल. लोक माझ्या अंगावर धावून आले. गंमत म्हणजे काळुरामच महाराजांना म्हणाला, "उठा ना म्हाराज. याचं तोंड कायमचं बंद व्हईल." भक्तानेच हात जोडून विनंती केली, आता करतात काय? महाराज उठले.

"ताय, आज काही वाहू नकोस. रिकाम्या हातानं उचल," मी म्हणालो.

तिने भीतभीत हात लावला. देव वर आला. तिने दुसरा हात सोडला, तरी देव वरच. मी तिच्या हातातून मूर्ती घेतली, तळाला गुंडाळलेलं पितांबर सोडलं आणि कडी दाखवली. मग मधे चीर असलेलं चौरंगावरचं वस्त्र ओढलं. फळीत एक फट होती आणि फटीत लोखंडी आकडा. फळीच्या मागच्या टोकावर गुडघा दाबला की आकडा कडीत अडकायचा, गुडघा उचलला की सुटायचा. मी हाताने दाबून पाच-सहा वेळा करून दाखवलं. देव जड, देव हलका. देव जड, देव हलका.

तळाचा कागद नखाने सोलला तर आतून वर्तमानपत्र निघालं. द्वारकाधीशाच्या पोटात केस गळण्यावरच्या तेलाची जाहिरात होती. कुणीही हसलं नाही. पोकळ कागद तरंगतो, खाली शिसं असेल तर उभा तरंगतो, आणि हे मीच केलंय, डोळेसुद्धा मीच आखलेत, असं मी सांगून टाकलं. काळुराम माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता मारणार. त्याने फक्त घड्याळात पाहिलं आणि बांधाकडे पळत सुटला.

मग सगळेच पळाले. पण दगड सिमेंटात बसले होते. पहारी घालून जेवढे निघाले तेवढे काढले, पोत्यांत चिखल भरला, बायांनी पाट्या उचलल्या, सत्तरीचे एलियास मास्तर धोतर खोचून रांगेत उभे राहिले. कोण किती देतंय हे कुणी विचारलं नाही, कुणी कुणाला हसलं नाही. त्या तीन तासांत भालखारने जे दिलं, तसं देणं मी पुन्हा पाहिलं नाही. त्या धावपळीत महाराज कुठे सटकले ते कळलंच नाही.

तरी एक वाजता खांड पडली. अख्खं गाव त्या भगदाडात उतरलं आणि तासाभराने ती बुजली, म्हणून बाकीची शेतं वाचली. तायचं वाचलं नाही. कमरेइतकं खारं पाणी तिच्या शेतात शिरलं.

ओहोटी लागल्यावर ती बांधावर बसून ते पाणी बघत होती. मी शेजारी जाऊन बसलो. तिने विचारलं, "तुला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मास्तरांनी सांगितल्यावर कळलं, असं म्हणालो असतो तरी तिने मानलं असतं.

"पहिल्याच दिवशी," मी म्हणालो.

"म्हंजे मी सगल्यांम्होरं उचलत व्हते, तवा तुला ठाव व्हतं?"

"व्हय."

ती उठली आणि घरी जाऊन माझं पान वाढलं. ताटातला भात तिच्या त्या शेतातला, मागच्या पिकाचा होता. पुढची तीन वर्षं तिने तांदूळ दुकानातून आणला. मी पोती पाठवली, तिने ती मुकाट्याने परत पाठवली. भाऊबीजेला अजून ओवाळते. त्या दिवसाचा विषय काढत नाही.

ही गोष्ट मी पेणपासून रोह्यापर्यंत गावोगाव सांगत फिरतो. कडी, आकडा, चौरंग, सगळं बरोबर नेतो आणि लोकांकडूनच गुडघा दाबून घेतो. लोकहो, द्यायचं तर जरूर द्या, हात आखडू नका. पण देण्याआधी फळीखाली वाका आणि बघा. विचारलं म्हणून रागावणारा देव नसतो, रागावतो तो फळीवर बसलेला. आणि तुमच्यापैकी एखाद्याला फळीखाली काय आहे ते ठाऊक असेल, तर त्याने त्याच दिवशी बोलावं. महाराज भालखारला जेमतेम दीड महिना खोटं बोलले. मी तितकेच दिवस गप्प बसलो, आणि बहीण माझी होती.