होकाराचा मान

आयुष्यात मी एकदाच बढाई मारली, आणि तीही सोलकढीच्या दुसऱ्या वाटीवर. त्यामुळे नशेची सबबदेखील माझ्याकडे नाही.

सिंगापूरच्या पासिर रिसमध्ये, मी राहतो त्या इमारतीपासून दोन ब्लॉक पलीकडे, चारुदत्तदादा आणि मीनलवहिनी राहतात. दर शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला जातो. दोघेही वेंगुर्ल्याकडचे, माझे आजोबा सावंतवाडीजवळच्या एका खेड्यातले. मी स्वतः डोंबिवलीत वाढलो. मालवणी मला समजते, बोलताना मात्र मी दुसऱ्याच्या मापाचे कपडे घातल्यासारखा अवघडतो. तरीही परदेशात एवढे नाते पुष्कळ होते, आणि वहिनींची सोलकढी त्याहून पुष्कळ.

त्या शनिवारी मी संतांविषयी बोलत होतो. ‘बोलत होतो’ हे क्रियापद माझ्या बाबतीत जरा धाडसाचेच आहे. आमच्या ऑफिसात मारिसेल नावाची फिलिपिनो सहकारी आहे. तिच्या ड्रॉवरमध्ये संत अँथनीचे चित्र असते, कारण हरवलेल्या वस्तू शोधून देणे हे त्याचे खाते. एकदा तिचे दाराचे कार्ड हरवले. तिने चित्रापुढे डोळे मिटले, आणि तासाभरात ते कार्ड पँट्रीतल्या फ्रिजवर सापडले. कार्ड तिथे ठेवताना मी तिला पाहिले होते. सांगण्यासाठी योग्य वाक्य मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात संताने माझ्यावर मात केली.

पुढे कित्येक महिने रिकाम्या संध्याकाळी मी या कैवारी संतांच्या याद्या वाचत असे. दातदुखीसाठी अपोलोनिया: तिचे दात तोडून तिचा छळ झाला, म्हणून चित्रकार तिच्या हाती चिमटा देतात आणि चिमट्यात एक दात. लोखंडी जाळीवर भाजला गेलेला लॉरेन्स स्वयंपाक्यांचा कैवारी झाला. अडखळत बोलणाऱ्यांसाठी नोटकर नावाचा एक जुना मठवासी आहे, जो स्वतःच अडखळत असे. माणसाचे जे दुःख, तेच त्याच्या हाती खूण म्हणून द्यायचे, म्हणजे अक्षर न जाणणाऱ्या भाविकालाही तो ओळखता यावा, ही चित्रकलेची रीत मला फार हृद्य वाटे. माझ्या हाती चित्रकाराने काय दिले असते, याचाही मी विचार करून ठेवला होता: लिहून न पाठवलेला मेसेज. तो सोनेरी वर्खात कसा रंगवावा, एवढाच प्रश्न उरला होता.

दादांची बारा वर्षांची मुलगी राणी भात चिवडत ऐकत होती. तिने विचारले, “देन वी गॉट हू?”

वहिनी म्हणाल्या की आपल्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो. तो वेशीवर नाहीतर वडाखाली राहतो, रात्री गावाभोवती फेरी घालतो. कुठे कुठे त्याला चामड्याच्या चपला वाहतात, आणि फिरून फिरून त्या झिजतात. त्यावर दादा म्हणाले की एवढ्या लवकर झिजणाऱ्या चपला कोण बनवतो, ते एकदा शोधायला हवे. दादा हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीच्या कार्यालयात व्यवस्थापक होते. पुराव्याशिवाय ते पाऊससुद्धा मान्य करत नसत.

आणि तेव्हा, वाटी खाली ठेवत, मी म्हणालो, “आमच्या घराण्याकडे गाऱ्हाण्याचा मान आहे.”

राणीला हे समजावून सांगावे लागले. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे उभे राहून, सगळ्या गावाच्या वतीने, खणखणीत आवाजात दुःख आणि मागणे मांडायचे. प्रत्येक वाक्यानंतर इतरांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचे. हा मान पिढीजात असतो. वहिनींनी माझ्याकडे अशा आदराने पाहिले की जणू आजवर मी त्यांच्याकडे वेशांतर करून जेवत होतो.

मी सांगितले ते खोटे नव्हते. फक्त अपुरे होते. आमच्या गावात गाऱ्हाणे घालत ते वरच्या वाडीतले घराणे. आमच्याकडे मान होता तो पहिल्या होकाराचा. गाऱ्हाणे घालणाऱ्याचे वाक्य संपले की सर्वांत आधी “व्हय म्हाराजा” म्हणायचे, म्हणजे बाकीच्यांना कुठे म्हणायचे ते कळते. माझे आजोबा, पणजोबा, त्यांचेही वडील, सगळे शतकानुशतके दुसऱ्याच्या वाक्याला हो म्हणत आले. माझा स्वभाव कुठून आला, असा प्रश्न मला म्हणूनच कधी पडला नाही.

दोन महिन्यांनी दादांची नोकरी गेली. एका सकाळी सात जणांना एका खोलीत बोलावले आणि दुपारपर्यंत सात टेबले रिकामी झाली. कामाचा पास रद्द झाला की इथे तीस दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी आणि नवा पास, नाहीतर परत. राणी इथेच जन्मली होती आणि तिचे प्राथमिक शाळेचे शेवटचे वर्ष सुरू होते. दादा रोज आंघोळ करून, दाढी करून, लॅपटॉपसमोर बसत. त्यांनी छत्तीस अर्ज केले. एकोणिसाव्या दिवसापर्यंत एकच मुलाखत आली होती, ती सोमवारची.

शनिवारी जेवण झाल्यावर वहिनींनी मला गॅलरीत गाठले. कालव्याच्या कडेला, वडाखाली, लाल रंगाचे एक लहानसे देऊळ आहे, ते मी पाहिले होते का? मी पाहिले होते. तिथल्या भाजीवालीने त्यांना सांगितले होते की तो या जागेचा रखवालदार. “म्हणजे राखणदारच,” वहिनी म्हणाल्या. “इतकी वर्षं त्याच्या हद्दीत राहिलो आणि एकदा साधी ओळख दिली नाही. सारंगभावजी, उद्या सकाळी तुम्ही गाऱ्हाणं घाला.”

सत्य सांगायला ही अगदी नेमकी वेळ होती. मी तोंड उघडले. आणि परंपरेप्रमाणे “हो” म्हणालो.

रात्री आरशासमोर मी सराव केला. टूथब्रशच्या पेल्याला देव मानून तीनदा गाऱ्हाणे घातले. तिन्ही वेळा “बा देवा म्हाराजा”च्या पुढे गाडी गेली नाही. नोटकरची आठवण झाली, पण त्याला मालवणी येत असेल याची खात्री वाटेना.

रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही चौघे वडाखाली उभे होतो. दादा अर्ध्या पँटमध्ये, हात बांधून, चाचणी पाहायला आलेल्या अभियंत्यासारखे. देवळात हातभर उंचीची मूर्ती होती: पांढरी दाढी, हातात काठी, डोक्यावर काळी टोपी. वहिनींनी पुढ्यात विड्याची पाने मांडली, नारळ ठेवला, विडी मिळाली नाही म्हणून सिगारेट ठेवली, आणि पिशवीतून रमची छोटी बाटली काढून एका नव्या पेल्यात अर्धा पेला ओतला. आमच्याकडच्या राखणदाराला हे चालते. किंबहुना त्यावाचून चालत नाही.

संतांच्या हातातल्या चिमट्यांवर आणि जाळ्यांवर महिनोन्‌महिने वाचलेला मी तिथेच उभा होतो. खुणा वाचणे हा माझा एकमेव छंद. समोरची काळी टोपी मी पाहिली, आणि मला वाटले, म्हातारा आहे, थंडी वाजत असेल. सिंगापुरात.

“घाला,” वहिनी म्हणाल्या.

“बा देवा म्हाराजा,” मी म्हणालो. कालव्यात एक बगळा एका पायावर उभा होता, तोसुद्धा पुढचे ऐकायला थांबल्यासारखा वाटला. पुढचे काही आले नाही.

मला सोडवले ते टॅन अंकलनी. ते माझे घरमालक, निवृत्त टॅक्सीचालक. या देवळाची झाडलोट तेच करतात, हे मला दोन वर्षांत कळले नव्हते, कारण मी त्यांना कधी काही विचारले नव्हते. इथल्या पद्धतीने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतलेली कॉफी हातात लोंबती धरून ते आले, नारळाकडे पाहून खूश झाले, मग त्यांनी पेल्याचा वास घेतला.

“अय्यो,” ते म्हणाले. “धिस दातुक मुस्लिम, यू नो ऑर नॉट? नो पोर्क, नो लिकर.”

मग त्यांनी शांतपणे सांगितले. दातुक म्हणजे जुना मलय माणूस, म्हणून ती काळी टोपी; या जमिनीचा राखणदार. पूजा करतात बहुतेक चिनी लोक, पण त्याचे पथ्य सगळे सांभाळतात. डुकराचे मांस खाऊन आलेला माणूससुद्धा इथे हात जोडत नाही.

वहिनींचा चेहरा उतरला. मुलाखत उद्या, आणि आज आपण देवाला त्याच्या उंबरठ्यावर बाटवायला निघालो. दादांनीसुद्धा हातांची घडी सोडली. अंकलनी पेला उचलून गवतावर रिकामा केला, नळावर तीनदा विसळला आणि त्यात आपली कॉफी ओतून तो परत जागेवर ठेवला. ते म्हणाले की म्हातारा रागीट नाही. पण माफी मागायला हवी, आणि काय अडचण आहे तेही नीट सांगायला हवे.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

“वहिनी,” मी म्हणालो, “आमच्याकडे गाऱ्हाणं घालण्याचा मान नाहीच. आम्ही फक्त पहिलं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो.”

“फक्त व्हय?”

“फक्त व्हय.”

दादा हसले. तीन आठवड्यांत ते पहिल्यांदाच हसले असावेत. “अरे, म्हणजे इतके दिवस सोलकढी आम्ही कोरसमधल्या माणसाला पाजत होतो.”

अंकलना काय चालले आहे ते कळत नव्हते, पण वाद कशावर आहे ते कळले असावे. त्यांनी बोट सरळ दादांकडे केले. “हू गॉट प्रॉब्लेम, हू टॉक.”

दादांनी चपला काढल्या. मला वाटले, ते थट्टा करणार. बहुधा त्यांनाही तसेच वाटले असावे. त्यांनी घसा साफ केला आणि घरात कधी न बोललेल्या, वडिलांच्या मालवणीत सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, तू खंयचो, आमी खंयचे, आमची भाषा तुका कळता की नाय, माका म्हायत नाय.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो. आवाज माझा नव्हता. चांगला खणखणीत होता.

“अजाणतेपणी तुज्यापुढे दारू ठेवली, ता पोटात घाल.”

“व्हय म्हाराजा.” आता राणीही माझ्यासोबत होती, तिला हा खेळ आवडू लागला होता.

“नोकरी गेली, त्याका वीस दिवस झाले.”

“व्हय म्हाराजा.”

दादा थांबले. त्यांनी आमच्याकडे पाठ केली नव्हती, तरी ते आम्हाला दिसेनासे झाल्यासारखे वाटले. “उद्या मुलाखत आसा म्हणान मी घरात सांगलंय. मुलाखत नाय. गुरवारीच तेंनी नको म्हणान कळवला.”

होकाराची जागा आली. शतकानुशतकांच्या माझ्या पूर्वजांनी अशा जागी कधी विचार केला नसावा. मी केला. ‘व्हय’ म्हणजे ते खरे आहे असे म्हणणे. आणि वहिनी माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. घराण्याकडे एकच शब्द सोपवलेला, आणि तोही मी उच्चारला नाही.

“व्हय म्हाराजा,” वहिनी म्हणाल्या. अगदी हळू, मूर्तीकडे पाहत.

“तिका सांगूचा धाडस माका झाला नाय.”

“व्हय म्हाराजा,” त्याच म्हणाल्या, या वेळी जरा मोठ्याने, आणि दादांनी मान खाली घातली. नोकरी दे असे त्यांनी मागितलेच नाही. जावचा लागला तर ह्या दोघींका सांभाळ, एवढे म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले. यावर मी आणि राणीने एकदमच होकार दिला. राणीच्या आवाजात आता खेळ नव्हता.

“गुरुवारी,” वहिनी म्हणाल्या, “तुम्ही माझ्याकडून त्या निळ्या शर्टाला इस्त्री करून घेतलीत.”

“हो.”

“दोनदा. कॉलर नीट नाही म्हणून.”

वहिनी वळून कालव्याकडेच्या बाकावर जाऊन बसल्या. काही वेळाने त्यांनी आपली पिशवी बाकावरून उचलून मांडीवर घेतली, म्हणजे शेजारी जागा झाली. दादा जाऊन बसले. राणीने विचारले की मग आपण जाणार की नाही, आणि दादा म्हणाले की बहुधा जाणार, पण यापुढे जे कळेल ते त्याच दिवशी सांगेन.

“सेम डे, हं,” राणी म्हणाली.

टॅन अंकलनी माझी बाही ओढली. हा माणूस नेमके काय म्हणाला? दातुकला मलय कळते, थोडी हॉक्किएन ही चिनी बोली कळते, सवयीने इंग्रजीही कळते. पण ही भाषा त्याने कधी ऐकलेली नाही. तेव्हा मी सांगावे, आणि त्यांच्याकडे पाहून नव्हे, तिकडे पाहून.

मग मी देवळासमोर उभा राहिलो आणि इंग्रजीत सांगितले. दारूची चूक, गेलेली नोकरी, नसलेली मुलाखत, न झालेले धाडस. हे सगळे दुसऱ्याचे होते, म्हणूनच बहुधा अडखळलो नाही. एकदाच, ‘धाडस’ या शब्दापाशी, इंग्रजी शब्द आठवेना म्हणून, असे मी स्वतःला सांगतो. प्रत्येक वाक्यानंतर अंकल मान हलवून “या, या” म्हणत होते. आमच्या घराण्यात त्यांचे सहज निभावले असते.

किती दिवस उरले, त्यांनी विचारले. मी म्हणालो, दहा.

“टेन डेज,” ते म्हणाले. “स्टिल कॅन डू मेनी थिंग.”

बाकावरून वहिनींनी हाक मारली. डोळे पुसून झाले होते आणि फोनवर कॅलेंडर उघडलेले होते. “सारंगभावजी, त्यांना विचारा ना, इथे सामान भरायला रिकामी खोकी कुठे मिळतात?”

मी विचारले. सुपरमार्केटच्या मागच्या दाराशी, अंकल म्हणाले, सकाळी आठच्या आत. आणि मोठी हवी असतील तर केळ्यांची घ्या, त्यांना हात घालायला भोके असतात.