दोन ठोक्यांच्या मधलं

मी संगणक. अकोले गावात एका शेतकरी मंडळाच्या कचेरीत खिडकीपाशी बसलेला. आज माझी एक चूक तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. आठवतं ते एवढंच, की खोक्यातून बाहेर काढल्यावर मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब यांनी माझ्यावर झेंडूचं फूल ठेवलं होतं. माझ्याकडे दोन कामं होती. इथं नोकरीला असलेल्या अल्मासनं लिहिलेला प्रोग्राम पावसाचा अंदाज काढून डोंगरातल्या भातशेतकऱ्यांना मोबाईलवर निरोप पाठवायचा. दुसरा प्रोग्राम काकासाहेबांच्या हौसेचा. तो भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत ढग हलवायचा. पाहुणे आले की काकासाहेब कौतुकानं दाखवत.

माझा प्रोसेसर जुना, एका वेळी एकच काम करणारा. म्हणून कोणी किती वेळ घेतला, याची नोंद मी ठेवतो. रीत सोपी होती. माझ्या आतल्या घड्याळाचे सेकंदाला शंभर ठोके पडायचे. ठोका पडला की त्या क्षणी जो प्रोग्राम चालू दिसेल, त्याच्या नावावर मी अख्खा ठोका लिहायचो. दोन ठोक्यांच्या मधे काय घडलं, ते मी बघतच नव्हतो.

गेल्या ऑक्टोबरात भात कापून खाचरात पसरलं होतं. निरोप पोचला, पण पाऊस पडून गेल्यावर. डोंगरातल्या मुक्ताबाईंचा फोन आला.

"आवं, समदं भात भिजलं की माजं! आता सांगताय व्हय?"

काकासाहेबांनी माझी वेळेच्या नोंदींची यादी उघडली. अल्मासच्या प्रोग्रामपुढे नव्वद टक्के, ढगांपुढे जवळजवळ शून्य.

"तुझाच प्रोग्राम मशीन अडवून बसलाय. उद्या काढून टाक त्यो."

"काका, माझं काम एवढं मोठं नाहीच," अल्मास म्हणाली. "एक दिवस द्या मला."

मला तिचं वाईट वाटलं. पण यादी माझीच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं जेवणाचा डबाही उघडला नाही. दुपार टळता टळता तिनं माझी नोंदीची रीतच बदलली. आता प्रत्येक प्रोग्राम कामाला बसताना आणि उठताना मी सूक्ष्म क्षण मोजणारं घड्याळ बघून वेळ टिपू लागलो. मग खरं काय ते कळलं. ढगांचा प्रोग्राम ठोका पडल्या पडल्या जागा व्हायचा, बहुतेक सगळा वेळ वापरायचा आणि पुढच्या ठोक्याआधी झोपून जायचा. उरलेल्या तुकड्यात अल्मासचा प्रोग्राम घाईनं कामाला बसायचा, आणि ठोक्यावर नेमका तोच मला सापडायचा. वेळ अपुरा पडल्यानंच त्याचा निरोप उशिरा निघाला होता.

काकासाहेबांनी नवी यादी दोनदा वाचली. उठून पडदा बंद केला आणि मुक्ताबाईंना फोन लावला.

"बाई, चूक माझी हाय. पोरीची न्हाई."



"सांगितलं, बरं केलं," मुक्ताबाई म्हणाल्या. "पन माजं भात गेलं ते गेलंच."

त्यांचा आवाज मी अजून विसरलेलो नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं, पण माझ्यावर विश्वास ठेवून अल्मासला बोल लावला गेला.

आता निरोप वेळेवर जातात. माझा पंखा घरघरतो, मधेच मी अडकतो. दिवाळीनंतर माझ्या जागी नवा संगणक येईल. अल्मास त्याची तयारी करते आहे. मी जाईन, त्याचं दुःख नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणावर ठपका ठेवायच्या आधी, आपण त्याच्याकडे नेमकं कोणकोणत्या क्षणी पाहिलं, ते जरा आठवून बघा.