संक्रांतीच्या वाणातली चटणी

आमच्या इरावतीला काही विचारलं की ती उत्तर देत नाही, उलट मलाच प्रश्न विचारते. सून म्हणून या घरात आली तेव्हापासूनची ही खोड. परवा म्हटलं, "अगं, मीठ संपलंय, वाण्याकडनं घेऊन ये." तर म्हणते, "आत्ती, तुम्ही कायम हेच मीठ का घेता? पुडा आवडतो म्हणून, का वाणी देतो म्हणून?" गॅसवर आमटी उकळतेय आणि मी मिठाचं कारण शोधत उभी! माझी शाळा चौथीपर्यंतची. मीठ आणायचं एवढं कळतं, ते का आणायचं हे कुणी शिकवलं नाही.

तिचं शिक्षण मात्र संपता संपेना. समाजशास्त्रात एमए केलं, मग दूध संस्थेतल्या बायकांवर प्रबंध लिहून डॉक्टर झाली. मी सगळ्या गल्लीला सांगितलं, सून डॉक्टर झाली. दुसऱ्याच दिवशी शेजारची चिमणाबाई गुडघा दाखवायला आली. तिला काय सांगणार, कप्पाळ?

पुढं इरा कॉलेजात तासावर शिकवायला लागली. शिकवला तास तर पगार, सुट्टी लागली की घरी. दर वर्षी नव्यानं मुलाखत आणि दर वर्षी तेच ऐकायचं, "यंदा जागा निघेल, मॅडम." आज या गावात, उद्या त्या गावात, एसटीत बसून पोरगी वाळून गेली. जागा काही निघाली नाही. शेवटी पुण्याच्या एका कंपनीत लागली. काम काय, तर गावाकडच्या बायका काय विकत घेतात आणि का घेतात ते शोधायचं. ग्रामीण बाजारपेठेचं संशोधन म्हणतात त्याला.

"म्हणजे तेच की गं," मी म्हटलं. "आधी बायकांना विचारून पुस्तकात घालत होतीस, आता पुडीत घालणार."

ती हसली नाही. म्हणाली, "एवढं एक काम नीट झालं, आत्ती, की मला कायम करणार आहेत."

कायम. हा शब्द ऐकायची वाट बघून आम्ही दोघीही थकलो होतो.

कंपनीला कांदा-लसूण चटणी पुडीत घालून विकायची होती. कोल्हापुरात! आमच्या वडगावात उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, मसाला भाजून, डंकावर जाऊन कुटून आणल्याशिवाय बाईला वर्षाची बेगमी झाल्यासारखं वाटत नाही. पण मी काही बोलले नाही. तिला कायम व्हायचं होतं, आणि मला ते गल्लीत सांगायचं होतं.

आमच्याकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं असतं. इरा म्हणाली, "बायका आयत्याच जमतात. घरोघर हिंडून एकेकीला गाठायला आता जीव राहिला नाही." वाण म्हणून कंपनीची चटणी ठरली. नाव न छापलेल्या पांढऱ्या पुड्या होत्या. मी प्रत्येक पुडीला माझ्या हातानं हळदकुंकवाचं बोट लावलं. एक पुडी फोडून भाकरीच्या तुकड्याबरोबर सगळ्यांना चव दिली. बायका म्हणाल्या, "झकास!" इरानं मोबाइलवर टिपून घेतलं. पुन्हा आठवड्यानं प्रत्येकीला फोन केला. चिमणाबाई म्हणाली, "संपली बी की! अजून असली तर दे."

मग रथसप्तमीच्या आधी चिमणाबाईकडं हळदीकुंकू होतं. तिनं माझी ओटी भरली, तिळगूळ दिला, आणि हातात वाण ठेवलं. पांढरी पुडी. तोंड बंद. वर माझ्याच बोटाचं हळदकुंकू. बयेनं पुसायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते.

"चिमणे, हे वाण कुठनं आणलंस?"

"बाजारातनं की."

"बाजारात हळदकुंकू लावून देत्यात व्हय?"

सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. कोपऱ्यातली एक म्हणाली, "माझी तर नणंदेच्या गावाला गेली, काकी." चिमणाबाईनं पदर सावरला. "आता काय सांगू, बना? घरात बरणीभर कुटलेली हाय. विकतची पुडी दिसली तर पावणं काय म्हणतील?"

"मग फोनवर संपली कशाला म्हणालीस?"

"तुझ्या सुनंच्या वाणाला नावं ठिऊ? आणि गोड बोला म्हणून तूच म्हणालीस की! गोड बोललो तर पोरीनं ते लिहून घेतलं. त्याला आम्ही काय करणार?"

मी तशीच उठले. घरी आले. इरा लॅपटॉप उघडून अहवालाचं शेवटचं पान लिहीत होती. मी पुडी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं.

तिनं पुडी उलटसुलट करून बघितली. "पण चिमणाकाकी म्हणाल्या, संपली."

"संपली की. तिच्या घरातनं संपली."

तिनं पुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "आत्ती, माझ्या प्रबंधात हेच लिहिलंय. दूध संस्थेच्या सभेत बायका हात वर करतात ते ठराव पटला म्हणून नाही, चेअरमनच्या घरचा चहा प्यालेला असतो म्हणून. एवढी वर्षं हेच शोधलं, आणि मीच तिळगूळ देऊन विचारायला बसले."

"मग का बसलीस?"

"दमले होते."

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

इराचा नवरा, माझा सम्राट, शिरोलीच्या कारखान्यातनं येऊन जेवायला बसला होता. तो म्हणाला, "पाठवून टाक की. चटणी खपली न्हाय तर कंपनी बघंल. तवर तू कायम झालेली असशील."

इरानं माझ्याकडं बघितलं. "आत्ती, काय करू?"

"मला इचारू नकोस. सून साहेब होणार म्हणून गल्लीभर सांगून बसलीया मी. माझं मत बी त्या बायकांसारखंच निघायचं."

तिनं फोन उचलला. यशराज म्हणून तिचा साहेब आहे, त्याला लावला. "सर, वडगावची उत्तरं धरू नका... नाही, बायका खोट्या नाहीत. मी चुकीच्या जागी विचारलं... हो, पुन्हा करावं लागेल. घरोघर, अनोळखी गावात." मग नुसतं "बरं", "बरं", आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"वेळ नाही म्हणाले. काम दुसऱ्याला देतायत. माझं पुढच्या वर्षी बघू म्हणाले."

सम्राटनं ताट सरकवलं आणि उठून गेला. तिनं लॅपटॉप मिटला. डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती गळून गेल्यासारखी बसली होती.

"बोला, आत्ती. तोंडात आलंय ते गिळू नका."

"बोलते की," मी म्हटलं. "तू कुठंच कायम व्हायची न्हाईस, इरा. कॉलेजात न्हाय, कंपनीत बी न्हाय. खरं कळल्यावर तुला गप बसवत न्हाय, आणि असलं माणूस कुणाला कायमचं नको असतंय. चिमणी उद्या गल्लीभर हसंल, तिचं मी बघते. मला तुझा राग आलाय, लई आलाय. माझ्या घरच्या हळदीकुंकवात धंदा मांडलास त्याचा. दमलीस तर दमले म्हणून आधीच सांगायचं हुतंस. पण फोन केलास, ते बरं केलंस."